धुक्यातली कृष्णा: वाई-मेणवलीच्या घाटावर पहाटेचा फोटो कसा काढायचा आणि कसा एडिट करायचा

धुक्यातल्या नदीचा फोटो घरी येऊन लॅपटॉपवर उघडला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली: ‘अरे, हे तर सगळं फिकटच आलंय!’ मग हात आपोआप डीहेझच्या, म्हणजे एडिटिंगमध्ये धूसरपणा कमी करणाऱ्या स्लायडरकडे जातो, तो चाळीस-पन्नासपर्यंत ओढला जातो आणि दोन मिनिटांत धुकं गायब. उरतो काळपट डोंगर, जांभळट आकाश आणि सकाळी अकराला काढल्यासारखा दिसणारा घाट. साडेचारला उठून गाडी काढायची ती धुक्यासाठी, आणि घरी येऊन पुसायचं तेही धुकंच. याला काय म्हणावं?

धुक्याच्या फोटोत जवळच्या वस्तूला खराखुरा काळा रंग मिळाला पाहिजे आणि लांबच्या वस्तूला तिचा फिकटपणा राहू दिला पाहिजे. घाटाच्या पायऱ्या, पाणी, पलीकडची झाडं, मागचा डोंगर हे थर एकमेकांपासून सुटे दिसले की फोटोला खोली येते. कॅमेऱ्याचं सेटिंग असो की एडिटिंग, पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं या थरांसाठी आहे.

उदाहरणाला वाई आणि मेणवली घेतली आहे. हीच पद्धत संगम माहुलीला, औदुंबरला, नरसोबाच्या वाडीला किंवा कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावरही चालते. वाईचा फायदा एवढाच की नदी, जुने काळ्या दगडाचे घाट आणि मागे डोंगर हे तिन्ही एकाच चौकटीत बसतात.

समोर नक्की काय आहे: वाफ, धुकं की धूर?

लांबून तिन्ही सारखेच दिसतात, पण कॅमेऱ्यासमोर तिघांचं वागणं वेगळं. त्यामुळे घाटावर पोचल्यावर कॅमेरा काढण्याआधी दोन मिनिटं नुसतं बघा.

पहिली, नदीवरची वाफ. रात्रभरात हवा गार होते, पाणी मात्र दिवसाची ऊब धरून असतं. त्या उबदार पाण्यावरून उठलेली वाफ गार हवेत लगेच निवते आणि बारीक थेंब होऊन पांढरी दिसते. ही पाण्याला चिकटून असते, कमरेएवढी किंवा फार तर पुरुषभर उंच, आणि तिचे पुंजके सतत हलत असतात. ऊन पाण्यावर पडलं की ती बघता बघता विरते. फोटोसाठी सगळ्यात सुंदर हीच आणि सगळ्यात कमी वेळ टिकणारीही हीच.

दुसरं, दरीत साचलेलं धुकं. निरभ्र रात्री जमीन झपाट्यानं निवते, डोंगरउतारावरची गार हवा खाली घसरत येऊन खोऱ्यात बसते आणि जमिनीतली ओल तिला बाष्प पुरवते. म्हणूनच पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर, हे जास्त मिळतं. हवामानशास्त्राच्या व्याख्येत १००० मीटरच्या आतलं दिसेनासं झालं तर ते धुकं. ५० ते २०० मीटर म्हणजे दाट. दाट धुक्यात घाटावर उभं राहून समोरचा काठही दिसत नाही. अशा दिवशी पसरणीचा घाट चढून वरून फोटो काढणं शहाणपणाचं. मात्र रस्ता अरुंद आणि वळणाचा आहे, समोरून एसटी येते. गाडी भलत्या वळणावर उभी करू नका.

तिसरा, धूर. उसाचं पाचट पेटवलेलं, गुऱ्हाळाची चुलाणं, घरोघरचे पाणी तापवायचे बंब. थंडीत वर उबदार आणि खाली गार अशी हवेची उलटी थप्पी लागते, तिच्याखाली हा धूर अडकून बसतो. याला पिवळट-तपकिरी छटा असते, नाकाला वास येतो आणि तो नऊ-दहा वाजेपर्यंत हलत नाही. पुष्कळदा ज्याला आपण धुकं म्हणून फोटो काढतो तो निम्मा धूरच असतो. त्याचं काय करायचं ते पुढे स्वतंत्रपणे येईलच.

आदल्या दिवशी

हवामानाच्या अ‍ॅपवर तीन आकडे बघा. पहाटेचं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव व्हायला लागतं तो) यांतलं अंतर दोन-अडीच अंशांच्या आत, वारा ताशी पाच किलोमीटरच्या आसपास किंवा कमी, आणि रात्री आभाळ मोकळं. तिन्ही जुळले तर धुकं मिळण्याची शक्यता चांगली. ढगाळ रात्र असेल तर गजर लावायचं कारण नाही. ढग पांघरुणासारखे ऊब धरून ठेवतात आणि जमीन पुरेशी निवतच नाही.

सूर्य कुठून वर येणार हे आदल्या संध्याकाळी जागेवर उभं राहून ठरवा. वाईच्या अक्षांशावर डिसेंबरअखेरीस तो बरोबर पूर्वेला उगवत नाही, सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. मार्चपर्यंत पूर्वेला परत येतो. तेव्हा मार्चमध्ये पाहून ठेवलेली जागा डिसेंबरात चुकते. शिवाय अ‍ॅपमधली वेळ सपाट क्षितिज धरून दिलेली असते. डिसेंबर-जानेवारीत सूर्योदय सातच्या आसपास दाखवतील, पण आजूबाजूला डोंगर असल्यामुळे पाण्यावर ऊन पडायला त्याहून उशीर होतो. हा उशीर आपल्या पथ्यावर पडतो, कारण तेवढा वेळ वाफ टिकते. तरीही अ‍ॅपमधल्या वेळेच्या तासभर आधी घाटावर असावं. निळसर उजेडातले फोटो त्या तासातच मिळतात.

जागांबद्दल थोडंसं. वाईत ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलं. त्याची मागची भिंत पुराचं पाणी दुभंगावं म्हणून माशाच्या आकाराची, निमुळती बांधली आहे. तिचा सणसणीत आकार धुक्यातही ओळखू येतो. सहसा सगळे समोरून शिखराचा फोटो काढतात, पण धुक्याच्या दिवशी मागचीच बाजू जास्त बोलते. वाईपासून तीनेक किलोमीटरवर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याखालचा घाट आहे. तिथल्या छोट्या देवळीत टांगलेली घंटा १७३९ च्या वसईच्या विजयानंतर इकडे आली. धुक्याच्या फोटोसाठी मला मेणवली उजवी वाटते, कारण पायऱ्यांची वळणदार ओळ नजरेला हाताला धरून पाण्यापर्यंत नेते. वाईचा घाट गजबजलेला. तिथे माणसं हवी असतील तरच जावं.

माणसांवरून आठवलं. घाटावर लोक अंघोळीला, धुण्याला, पूजेला येतात. ते आपले मॉडेल नाहीत. अंघोळ करणाऱ्यांवर लेन्स रोखू नये, बायकांवर तर मुळीच नाही. एखादे आजोबा कळशी भरून चालले असतील तर ‘बाबा, एक फोटो काढू का?’ एवढं विचारलं की बहुतेक वेळा ‘काढ की’ असंच उत्तर येतं, आणि वर ‘कुठनं आलाय?’ ही चौकशी. शेवाळलेल्या पायऱ्यांवर रबरी तळव्याचे बूट घाला. सगळ्यात खालची ओली पायरी ट्रायपॉडच्या पायांसाठी ठेवा, स्वतःच्या नाही. धोम धरणातून पाणी सोडलं की पातळी वाढते, हेही ध्यानात असू द्या.

सामान

ट्रायपॉड लागतोच. लेन्सच्या बाबतीत माझं मत बहुतेकांपेक्षा उलटं आहे: निसर्गचित्र म्हणजे वाइड लेन्स ही सवय धुक्यात सोडावी. वाइड लेन्स थर लांब ढकलते, मागचा डोंगर करंगळीएवढा होतो आणि मध्ये नुसता पांढरा पट्टा राहतो. ७०-२०० सारखी लेन्स थर एकावर एक आणते. क्रॉप सेन्सरवर (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) किट लेन्सचं ५५ मिलिमीटरचं टोकही चालतं. मोबाइलवाल्यांनी दुप्पट-तिप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर तीच वापरावी. डिजिटल झूम नको.

पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिरता फिल्टर, जवळ ठेवा, पण कायमचा लावून ठेवू नका. सूर्याशी काटकोनात बघत असाल तर तो हलका धुरकटपणा कापतो. दाट धुक्यावर त्याची फारशी मात्रा चालत नाही. पाण्यावरची चमक काढताना तो प्रतिबिंबंही खातो, आणि पहाटेच्या नदीत प्रतिबिंबंच गेली तर राहिलं काय? फिरवून बघा, पसंत नसेल तर काढा. उन्हाच्या दिशेनं फोटो काढताना साधी यूव्ही काचही काढून ठेवलेली बरी, नाहीतर चौकटीत हिरवे ठिपके नाचतात.

दवाचा बंदोबस्त हवा. खोलीतून आणलेला कॅमेरा सुरुवातीला उबदार असतो, त्यामुळे पहिली वीस-पंचवीस मिनिटं काही होत नाही. मग तो निवतो आणि वरच्या पत्र्यावर बारीक घामासारखे थेंब दिसायला लागतात. तोच इशारा. पुढच्या पाच मिनिटांत तेच लेन्सच्या काचेवर बसतात, आणि स्क्रीनवर ते धुक्याइतकेच सुंदर दिसत असल्यामुळे कळत नाहीत. हूड लावून ठेवा, दर दहा मिनिटांनी काच तिरकी धरून तपासा, कोरड्या मायक्रोफायबरनं टिपून घ्या. परत जाताना गार कॅमेरा थेट उबदार गाडीत उघडा टाकू नका. बॅगेची चेन लावून तिथेच हळूहळू ऊबेला येऊ द्या.

घाटावर: कॅमेऱ्याची सेटिंग

रॉ फाईल, म्हणजे सेन्सरवरची कच्ची, न दाबलेली माहिती. याला पर्याय नाही. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या मिळतात, आणि धुक्याचं सगळं चित्र त्यातल्या मधल्या थोड्याशा पायऱ्यांत कोंबलेलं असतं. ते ताणलं की आकाशात पट्टे पडतात. १४ बिटच्या रॉ फाईलमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात.

एक्सपोजरची मेख अशी की कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी समजतो. पांढरं धुकं दाखवलं की तोही ते राखाडीच करून ठेवतो. म्हणून एक्सपोजर कॉम्पेन्सेशन +२/३ ते +१ १/३ पर्यंत वाढवा आणि हिस्टोग्राम बघा, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं दाखवणारा उजेडाचा आलेख. धुक्याचा हिस्टोग्राम मध्येच एक आखूड टेकाड असतो, दोन्ही टोकं रिकामी. ते टेकाड उजवीकडे सरकवायचं, पण उजव्या कडेला भिडू द्यायचं नाही. कारण सरळ आहे: पुढे एडिटिंगमध्ये कॉन्ट्रास्ट दुप्पट केला की त्यातला नॉइजही दुप्पट होतो. जितका जास्त प्रकाश सेन्सरवर घेऊन ठेवाल तितका हा ताण फाईल सोसते. सूर्याचं बिंब चौकटीत असेल तर तेवढं जळालं तरी चालेल. त्याच्याभोवतीचं तेजोवलय जळायला नको. खात्री नसेल तर दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरकानं तीन फ्रेम काढून ठेवा.

आयएसओ सगळ्यात खालचं. अ‍ॅपर्चर एफ/८ ते एफ/११. एफ/१६ च्या पुढे गेलात तर सेन्सरवरची सगळी धूळ गोऱ्यामोऱ्या आकाशात ठिपके होऊन दिसते, आणि तपशीलही किंचित मऊ पडतो.

शटरचा वेग वाफेवरून ठरवा. १/१२५ ला वाफेचे धागे सुटे दिसतात. १/८ च्या आसपास ते जरा मऊ होतात, आकार मात्र टिकतो. वीस-तीस सेकंदांच्या एक्सपोजरमध्ये सगळ्या हालचाली एकमेकींत मिसळून नुसती पांढरी चादर होते. धबधब्याला शोभणारी ही युक्ती वाफेला मारक ठरते. लोक तरीही करतात, मला ती आवडत नाही.

फोकससाठी ऑटोवर विसंबू नका. धुक्यात कॅमेऱ्याला पकडायला कड मिळत नाही आणि लेन्स नुसती मागेपुढे घरघरत राहते. एकच फोकस पॉइंट निवडून पायरीच्या कडेवर किंवा झाडाच्या बुंध्यावर ठेवा, फोकस झाला की मॅन्युअलवर टाका, मग लाइव्ह व्ह्यू मोठा करून तपासा.

व्हाइट बॅलन्स डेलाइटवर, म्हणजे ५२००-५५०० केल्विनवर पक्का करा. ऑटो व्हाइट बॅलन्स पहाटेचा निळेपणा आणि नंतरचा सोनेरीपणा दोन्ही ‘दुरुस्त’ करून टाकतो. रॉमध्ये नंतर बदलता येतो हे खरं, पण जागेवर स्क्रीन खोटं सांगत असेल तर निर्णयही चुकतात.

कुठे उभं राहायचं

धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच मोठे असतात आणि ते प्रकाशाला मुख्यतः पुढच्याच दिशेनं विखुरतात. म्हणून सूर्याच्या बाजूला तोंड केलं की धुकं आतून उजळल्यासारखं दिसतं आणि सूर्य पाठीशी घेतला की तेच धुकं मळकट पडदा होतं. थेट सूर्यासमोर उभं राहिलात तर तपशील जातात. सूर्यापासून तीस-चाळीस अंश बाजूला लेन्स वळवली तर उजेडही मिळतो आणि आकारही. या एका गोष्टीनं जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही स्लायडरनं पडत नाही.

चौकटीत जवळ काहीतरी गडद हवंच: दगडी पायरी, दीपमाळ, नावेचं टोक, झाडाची वाकलेली फांदी. ते नसेल तर डोळ्याला काळ्याचं माप मिळत नाही आणि सगळा फोटो धुतल्यासारखा वाटतो. जवळच्या वस्तूनं खालचा एखादा कोपरा अडवला तरी पुरे. बाकी रिकामी जागा राहू द्या. बगळा किंवा पाणकावळा येऊन बसला तर थांबा. उडताना पकडायचा असेल तर शटर १/५०० च्या वर न्या आणि आयएसओ वाढवायला कचरू नका.

एडिटिंग: एक फ्रेम सुरुवातीपासून

मेणवलीची एक फ्रेम घेऊ. खाली डावीकडे काळ्या दगडाच्या ओल्या पायऱ्या, तिसऱ्या पायरीवर पांढऱ्या धोतरातला माणूस, हातात पितळी कळशी. मधे पाणी आणि वाफ. पलीकडे झाडांची ओळ, मागे डोंगराची नुसती कड. ८५ मिलिमीटर, एफ/८, १/३० सेकंद, आयएसओ २००, कॉम्पेन्सेशन +१. लाइटरूम या एडिटिंग प्रोग्रॅममधली नावं वापरतो. डार्कटेबल किंवा रॉथेरपी या दुसऱ्या प्रोग्रॅममध्येही क्रम हाच ठेवा.

सुरुवात प्रोफाइलपासून. ‘अडोबी कलर’ स्वतःच कॉन्ट्रास्ट घालतं. त्याऐवजी ‘अडोबी न्यूट्रल’ निवडा. फोटो आणखी फिका दिसेल, घाबरू नका. लेन्स करेक्शन आणि क्रोमॅटिक अबरेशन काढण्याची खूण करा, कारण पांढऱ्या आकाशासमोरच्या फांद्यांना जांभळ्या कडा येतातच.

व्हाइट बॅलन्सला ड्रॉपर लावून धुक्यावर क्लिक करू नका. तसं केलं की धुकं राखाडी होतं आणि पहाट संपते. हातानं ५१००-५३०० च्या आसपास ठेवा. टिंट जरासा गुलाबीकडे, +४ ते +८. फोटो आपण मुद्दाम उजळ काढला होता, म्हणून एक्सपोजर ०.४० नं खाली आणा.

आता काळा रंग. ऑल्ट धरून ब्लॅक्सचा स्लायडर डावीकडे ओढा. स्क्रीन पांढरी होते आणि जिथे पूर्ण काळं होतंय तेवढेच ठिपके दिसतात. ते ठिपके पायऱ्यांच्या सांध्यांत दिसायला लागले की थांबा. पलीकडच्या झाडांत दिसले तर जास्त झालं. या फ्रेमला −१८ ते −२५ पुरतं. उजळ टोकाला धुक्याचा सगळ्यात पांढरा भाग ९३ ते ९६ टक्क्यांवर ठेवा, १०० वर नको.

टोन कर्व्ह. नेहमीचा ‘एस’ आकार इथे चालत नाही, कारण तो वरचा भाग चढवतो आणि वाफेचे धागे पांढऱ्यात बुडवतो. हिस्टोग्रामचं टेकाड जिथे आहे फक्त तिथे रेघ जरा उभी करा. वरच्या चतुर्थांशात एक बिंदू ठेवून तिला मूळ जागी खिळवून टाका. एवढं झालं की पायऱ्या आणि झाडं सुटी दिसायला लागतात, आणि डीहेझला अजून हातही लावलेला नसतो.

डीहेझ नेमकं काय करतं

धुक्यातून आपल्यापर्यंत दोन गोष्टी येतात: वस्तूकडून निघालेल्या प्रकाशातला वाटेत शिल्लक राहिलेला भाग आणि धुक्याचा स्वतःचा पांढरा उजेड. अंतर वाढतं तसा पहिला भाग झपाट्यानं घटतो आणि दुसरा वाढतो. हेझ काढणाऱ्या प्रोग्रॅमला प्रत्येक ठिकाणचं अंतर ओळखावं लागतं, पण त्याच्याकडे तर सपाट फोटोच असतो. त्यावर कायमिंग हे (Kaiming He) हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक हुशार तोडगा मांडला: धुकं नसलेल्या फोटोत जवळपास प्रत्येक छोट्या तुकड्यात लाल, हिरवा, निळा यांपैकी एखादा रंग कुठेतरी शून्याजवळ असतोच. तसा तो नसेल तर ती जादा पांढरी भर धुक्याची, असं समजायचं आणि वजा करायची. डार्कटेबलचं हेझ रिमूव्हल याच तत्त्वावर चालतं.

यातली मर्यादा आपल्या फ्रेममध्येच उभी आहे. धोतर पांढरं आहे. बगळा पांढरा असतो, चुना फासलेली भिंत पांढरी, आकाशही. प्रोग्रॅम यांनाही धुकं समजून वजा करायला जातो आणि धोतर मळकं दिसायला लागतं. शिवाय लांबच्या डोंगराकडून आलेला खरा प्रकाश मुळातच चिमूटभर. तो मोठा करायचा म्हणजे त्यातला नॉइज मोठा करायचा. वरून निळा रंग भडकतो तो वेगळाच.

म्हणून सगळ्या फोटोला डीहेझ शून्य, फार तर +५. मग मास्क काढा, म्हणजे बदल जेवढ्या भागात हवा तेवढाच भाग निवडा. ब्रशनं पायऱ्या आणि त्यांच्याजवळचं पाणी रंगवा, माणूस वगळा, डीहेझ +१५ ते +२०, टेक्स्चर +१०. दुसरा मास्क वरून खाली लिनियर ग्रेडियंटचा, ल्युमिनन्स रेंजनं फक्त उजळ भागापुरता मर्यादित केलेला. यात डीहेझ −५ ते −१०, म्हणजे डोंगराची कड आणखी मऊ. तिसरा मास्क वाफेवर: क्लॅरिटी −१०, आणि ज्या बाजूनं ऊन येतंय तिकडे टेंपरेचर थोडं उबदार. मास्कच्या कडा भरपूर मऊ ठेवा. डार्कटेबलमध्ये हेझ रिमूव्हलचा ‘डिस्टन्स’ कमी केला की परिणाम जवळच्या भागापुरताच राहतो. आपल्याला हवं तेच, मास्क न काढता.

क्लॅरिटी सगळीकडे वाढवायचा मोह होईल. फांद्यांभोवती पांढरी कड दिसली की समजा, जास्त झालं.

रंगात संयम. कळशीचा पिवळा पाच-सात अंकांनी वाढवला तरी चालतो, कारण चौकटीतली उबदार गोष्ट तेवढीच आहे. निळा आणि अ‍ॅक्वा यांचं सॅच्युरेशन −१० करा. कलर ग्रेडिंगमध्ये सावल्यांना किंचित निळा आणि उजेडाला किंचित पिवळा, दोन्हीकडे सॅच्युरेशन दहाच्या आत. हल्ली ग्रुपवर येणारी नारिंगी आकाशं आणि बाहेरून आणून चिकटवलेली धुक्याची ढगं पाहिली की वाटतं, हा माणूस नदीवर गेलाच कशाला?

शेवटी साफसफाई. धुक्याचं सपाट आकाश म्हणजे सेन्सरवरच्या धुळीचं प्रदर्शन. ‘व्हिज्युअलाइझ स्पॉट्स’ चालू करून सगळे ठिपके काढा. शार्पनिंगचा मास्किंग स्लायडर सत्तर-ऐंशीपर्यंत न्या, म्हणजे ते फक्त कडांवर होईल आणि धुकं खरखरीत होणार नाही.

धूर असेल तर

धुराचे कण धुक्याच्या थेंबांपेक्षा खूप बारीक असतात, आणि बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात, लाल कमी. म्हणजे धुरकट फोटोत सगळ्यात गढूळ निळी चॅनल असते आणि सगळ्यात स्वच्छ लाल. अशा दिवशी फोटो सरळ कृष्णधवल करा आणि ब्लॅक अँड व्हाइट मिक्समध्ये लाल-नारिंगी वर, निळा खाली ढकला. पलीकडचा काठ आणि डोंगराचे पदर बाहेर येतात. पिवळट छटेचा प्रश्नही सुटतो. खऱ्या धुक्यात मात्र ही युक्ती फुकट जाते, कारण मोठ्या थेंबांना सगळे रंग सारखेच. सकाळी वास घेऊन ठरवा म्हटलं होतं ते यासाठी.

रंगीतच ठेवायचा असेल तर निळ्याकडे ओढून धुक्याचं सोंग करू नका. तपकिरी उजेड गुऱ्हाळाच्या दिवसांतला खरा उजेड आहे, तोही दिसू द्यावा.

फक्त मोबाइल असेल तर

प्रो मोडमध्ये रॉ म्हणजे डीएनजी चालू करा. ती सोय नसेल तर पायरीच्या कडेवर बोट दाबून फोकस आणि एक्सपोजर लॉक करा, मग बोट वर सरकवून उजेड थोडा वाढवा. एचडीआर आणि ‘सीन’ ओळखणारं एआय बंद. ते दोघे मिळून धुकं आधीच खाऊन टाकतात. फोन दगडावर टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावा.

एडिटिंगला स्नॅपसीड पुरतं. ट्यून इमेजमध्ये अँबियन्सला हात लावू नका, तो धुक्याचा वैरी. कर्व्ह्जमध्ये खालचं टोक थोडं आत घ्या, मधला भाग उभा करा. सिलेक्टिव्हचा एक ठिपका पायऱ्यांवर ठेवून कॉन्ट्रास्ट आणि स्ट्रक्चर वाढवा, दुसरा आकाशावर ठेवून स्ट्रक्चर कमी करा. बस.

बाहेर काढताना

फोटोशॉपमध्ये पुढचं काम करायचं असेल तर १६ बिट टिफ द्या. ऑनलाइन टाकायला एसआरजीबी, लांब बाजू २०४८ पिक्सेल, जेपेगचा दर्जा ८५ च्या वर. तरीही आकाशात पट्टे दिसले तर ग्रेन ८-१० घाला. बारीक रवा पट्टे मोडून काढतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलात की पट्टे हमखास येतात.

प्रिंट करणार असाल तर मॅट कागद घ्या, ग्लॉसीवर धुक्याच्या जागी दिव्याचं प्रतिबिंब दिसतं. कागदावर शंभर टक्के पांढरं म्हणजे शाईच नाही, कोरा कागद. फिक्या वाफेत असा कोरा डाग पडला तर तो भोकासारखा दिसतो. म्हणून मघाशी ९६ टक्क्यांवर थांबलो होतो. स्क्रीनपेक्षा प्रिंट जरा गडद येते, तेव्हा एक्सपोजर ०.२० नं वाढवून आधी एक छोटी पट्टी काढून बघा: त्यात पायऱ्यांचा काळा, वाफेचा सगळ्यात फिका भाग आणि डोंगराची कड तिन्ही असू द्या. ती पट्टी खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात तपासा, ट्यूबलाइटखाली नको. कड दिसत नसेल तर वरच्या ग्रेडियंटमधलं डीहेझ −१० वरून −४ ला आणा आणि मगच मोठी प्रिंट सांगा.